पाम, पेन्सिल आणि लपवलेले डबे

'पेपरलेस' हा शब्द बँकांनी आणि वीज कंपन्यांनी वापरून वापरून पार गुळगुळीत करून टाकलाय. कागद वाचवा, झाडं वाचवा, आणि जमलंच तर आमचा टपालखर्चही वाचवा! पण या शतकाच्या पहिल्या दशकात हाच शब्द काही हौशी मंडळी वेगळ्याच अर्थाने वापरत होती. ही मंडळी शनिवार-रविवारी गळ्यात जीपीएस अडकवून रानांत, बागांत, पुलांखाली लपवलेले डबे शोधत हिंडायची. त्यांच्यातला एखादा 'मी आता पेपरलेस झालो' असं म्हणाला की समजायचं, याने कुठून तरी जुना पाम पैदा केलाय.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात राहत असताना मीही काही वर्षं हा उद्योग केला. त्यामुळे या गोष्टीत मी अधूनमधून डोकावणार आहे. पण गोष्ट खरी तीन वस्तूंची आहे: आकाशातले उपग्रह, बाजारातून उठत चाललेलं एक छोटं यंत्र, आणि कागद.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पाणी शिरणार नाही असा एक डबा घ्यायचा. त्यात एक वही, एक पेन्सिल आणि चारदोन किरकोळ चिजा टाकायच्या. तो एखाद्या सार्वजनिक जागी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सहज नजरेस पडणार नाही असा ठेवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश महाजालावर जाहीर करायचे. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तिथे पोचायचं, डबा हुडकायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. एखादी वस्तू उचललीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. बस्स, हेच जिओकॅशिंग. यातला 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे. तो मूळचा फ्रेंच शब्द, लपवून ठेवलेला साठा अशा अर्थाचा. (आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं होतं, "अरे पण मग मिळतं काय?" सही करायला मिळते, असं मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती.)

या खेळाला नक्की जन्मतारीख आहे, आणि ती ठरली एका सरकारी हुकमाने.

जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेने १९७८ साली सोडला, तो लष्करासाठी. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं, की ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली राहील. खुली झाली खरी, पण हातचं राखून. १९९० पासून नागरी संदेशात मुद्दाम थोडी गडबड मिसळली जाऊ लागली. तिला नाव होतं 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी'. लष्कराला नेमकी जागा कळायची. तुमच्याआमच्या यंत्रात शंभरेक मीटरपर्यंतचा फरक पडायचा. भर समुद्रातल्या जहाजाचं तेवढ्याने अडत नाही. पण शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळात जवळजवळ पावणेआठ एकर जमीन येते. पावणेआठ एकर रानात जेवणाच्या डब्याएवढी वस्तू शोधायची म्हणजे खेळ राहत नाही, शिक्षा होते.

१ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही गडबड बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. लोकांच्या हातातली यंत्रं तीच राहिली, आणि एका रात्रीत ती सुमारे दहापट अचूक झाली. एखादी वस्तू जुनी होता होता अचानक सुधारते, असं सहसा घडत नाही. इथे घडलं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक इथे डेव्ह उल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने एक काळी बादली रस्त्याकडेच्या झाडीत अर्धवट पुरून ठेवली. आत एक वही, एक पेन्सिल, काही पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा. मग उपग्रह-दिशादर्शनाची चर्चा चालणाऱ्या एका यूझनेट गटावर त्याने आकडे जाहीर केले: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. नियम एकच: काही घ्या, काही ठेवा. दोन-तीन दिवसांत माइक टीग नावाचा माणूस तिथे पोचला, वहीत नोंद केली, आणि पुढे अशा ठेवींची यादी महाजालावर ठेवू लागला. त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा जगभरात मिळून ७५ डबे होते.

आता कागदाकडे येऊ.

डबा शोधायला नुसते आकडे पुरत नाहीत. प्रत्येक डब्याचं एक पान असतं. त्यावर जागेची माहिती, कधी तिथला इतिहास, गाडी कुठे लावावी, चढ किती, डबा केवढा, आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी, आणि शेवटी एक सूचक ओळ. ही ओळ सांकेतिक लिपीत असते, म्हणजे नको असताना नजर पडून मजा जाऊ नये. संकेत अगदी साधा, 'रॉट-१३' नावाचा: इंग्रजी बाराखडीतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. अक्षरं सव्वीस असल्यामुळे पुन्हा तेरा घरं सरकवली की मूळ अक्षर परत. पानावर याची किल्लीही छापलेली असे, वरच्या ओळीत पहिली तेरा अक्षरं आणि खाली उरलेली तेरा. जंगलात ओंडक्यावर बसून, कागद गुडघ्यावर धरून, एकेक अक्षर उलटवणारी माणसं मी पाहिली आहेत. दहा मिनिटं खपून वाक्य निघायचं, 'झाडाच्या मागे बघा.' समोर झाडं दोनशे!

एका डब्याच्या पानाला छपाईत दोन-तीन कागद सहज लागायचे. दिवसाला दहा-पंधरा डबे करायचे म्हटले की हातात एक बाड. ते पावसात भिजायचं, वाऱ्याने उडायचं, हवा तो कागद नेमका तळाशी सापडायचा. आणि ऐन वेळी रस्ता बदलून दुसऱ्याच गावाकडे वळलात तर तिथली पानं घरी. एका दिवसाच्या भटकंतीसाठी छापलेला हा कागद संध्याकाळी रद्दीत जायचा. या कागदाला पर्याय हवा होता. तो पर्याय एका अशा यंत्रात सापडला, ज्याची अख्खी रचनाच कागदाशी टक्कर देण्यासाठी झाली होती.

पाम काँप्युटिंग ही कंपनी जेफ हॉकिन्स यांनी १९९२ मध्ये काढली. त्यांचं पहिलं हातात मावणारं यंत्र, 'झूमर', चाललं नाही. मोठं, महाग आणि संथ. त्याच सुमारास ॲपलचं न्यूटनही हस्ताक्षर ओळखण्याच्या नादात अडखळत होतं. हॉकिन्स यांनी मग एक मजेदार गोष्ट केली. शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापला, त्यावर पडद्याची चित्रं काढलेले कागद चिकटवले, आणि कित्येक आठवडे तो खिशात घेऊन फिरले. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, काडीने त्यावर टिचक्या मारल्यासारखं करायचं आणि मोजायचं: किती टिचक्यांत काम होतंय? आपली स्पर्धा दुसऱ्या संगणकांशी आहेच कुठे, ती खिशातल्या डायरीशी आहे, हे त्यांनी यातून पक्कं केलं. डायरी उघडायला वेळ लागत नाही, तिला वीज लागत नाही, ती खिशात मावते. तेवढं जमलं तरच लोक हे यंत्र घेतील. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या काँप्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

मार्च १९९६ मध्ये 'पायलट' बाजारात आला. १६० बाय १६० ठिपक्यांचा करडा पडदा, १२८ किलोबाइट स्मृती (थोड्या महाग मॉडेलमध्ये ५१२), दोन बारक्या ट्रिपल-ए बॅटऱ्या, किंमत २९९ डॉलरपासून. सोबत एक पाळणा. यंत्र पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं, की संगणकावरची आणि यंत्रातली माहिती एकमेकांशी जुळायची. याला 'हॉटसिंक' म्हणत. पाम स्वतःला पूर्ण संगणक समजत नव्हता. खरी वही घरच्या संगणकात. पाम म्हणजे त्या वहीची खिशातली नक्कल.

आणि लिहायची पद्धत! न्यूटनने माणसाचं हस्ताक्षर शिकायचा प्रयत्न केला. पामने माणसालाच नवं अक्षर शिकायला लावलं. 'ग्राफिटी' नावाच्या त्या लिपीत जवळजवळ प्रत्येक अक्षर एकाच रेघेत, लेखणी न उचलता काढायचं. इंग्रजी 'ए' काढताना मधली आडवी दांडी द्यायचीच नाही. मला हे शिकताना सारखी मोडी आठवायची. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता भराभर लिहीत जायचं, ही मोडीची रीत. वेगासाठी अक्षराने आकार बदलायचा, ही कल्पना आपल्याकडच्या दफ्तरांत शेकडो वर्षं वापरात होती. फरक एवढाच की मोडी वाचायला दुसरा कारकून असे, आणि ग्राफिटी वाचायला फक्त ते यंत्र. यंत्र गेलं, लिपी गेली. मोडीची कागदपत्रं निदान पेशवे दफ्तरात पडून तरी आहेत, आणि ती वाचणारे अजून आहेत.

पाम लाखांनी खपला. २ मार्च २००० रोजी कंपनीचे समभाग पहिल्यांदा बाजारात आले, तेव्हा ३८ डॉलरला दिलेला समभाग त्याच दिवशी ९५ डॉलरवर बंद झाला. बरोबर दोन महिन्यांनी उपग्रहांची गडबड थांबली. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. मग संगणक-उद्योगाचा फुगा फुटला. २००१ मध्ये पामकडे न विकलेल्या मालाचे ढीग साचले, समभाग एक आकडी झाला. दर सहा महिन्यांनी नवं मॉडेल येत होतं, रंगीत पडदे आले, आणि कालपरवाचे करडे पाम कचेऱ्यांच्या कपाटांत, ईबेवर आणि लोकांच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत येऊन पडले. माझा 'थ्री-एक्सई' अशाच एका अंगणात, इस्त्री आणि मुलांच्या बुटांच्या मध्ये, पाळण्यासकट मिळाला. दहा डॉलर.

डबे शोधणाऱ्यांच्या पथ्यावर पडलं ते हेच. रानात महागडी वस्तू न्यायची कुणाची छाती होत नाही. दहा डॉलरचं यंत्र ओढ्यात पडलं तर पडलं! शिवाय जुन्या पामचे जे दोष म्हणून सांगितले जात, ते रानात गुण ठरले. रंगीत पडदे भर उन्हात दिसेनासे होत. करडा पडदा ऊन जितकं जास्त तितका स्वच्छ दिसे. रंगीत यंत्रांना रोज वीज पाजावी लागे. याच्या दोन बॅटऱ्या कित्येक आठवडे चालत, आणि संपल्या तर पेट्रोलपंपावरच्या दुकानातही मिळत. बदलताना मात्र हात चलाख हवा, कारण सगळी माहिती चालू विजेवर टिकलेली असे. जुन्या बॅटऱ्या काढल्यावर सुमारे मिनिटभराची उसंत, त्यानंतर यंत्र कोरं.

बाकीची यंत्रणा लोकांनी स्वतःच जुळवली. संकेतस्थळाच्या वर्गणीदार सभासदांना 'पॉकेट क्वेरी' मागवता येई: अमुक ठिकाणाच्या आसपासचे, आपल्याला हव्या त्या प्रकारचे जास्तीत जास्त पाचशे डबे एका फाइलमध्ये. ही फाइल 'जीपीएक्स' नावाच्या खुल्या स्वरूपात येई. ते स्वरूप टोपोग्राफिक्स या छोट्या कंपनीने २००२ मध्ये मांडलं होतं, आणि ते वापरायला कुणाची परवानगी लागत नव्हती. इथेच सगळी मेख होती. स्वरूप खुलं असल्यामुळे कुणीही उठून त्यावर काम करणारा प्रोग्रॅम लिहू शकत होता, आणि लोकांनी लिहिले. एक प्रोग्रॅम डबे गाळून घ्यायचा, दुसरा त्यांची छोटी पानं करायचा, 'प्लकर' नावाचा मोफत वाचक ती पामवर दाखवायचा. 'कॅशमेट' तर खास याच कामासाठी लिहिलेला. डबा सापडल्याची तारीख आणि टिपणही त्यात जागेवर करता येई. २००४ पासून 'जीसॅक' आला आणि त्याने ही बरीचशी कामं एका छपराखाली आणली. यामागे कुठलीही मोठी कंपनी नव्हती. पाम कंपनीला आपल्या यंत्राचा असा काही उपयोग होतोय याची कितपत खबर असेल, देव जाणे.

शुक्रवारी रात्रीचा कार्यक्रम ठरलेला असे. टपालात आलेली फाइल उघडायची. तिच्यातले आकडे एका तारेने जीपीएसमध्ये चढवायचे, आणि मजकूर पाळण्यातून पाममध्ये. माझ्याकडे गार्मिनचा पिवळा 'ईट्रेक्स' होता, २००० सालचं मॉडेल. त्यात पाचशे ठिकाणं मावत, आणि प्रत्येक ठिकाणाच्या नावाला फक्त सहा अक्षरं. त्या काळात डब्यांचे क्रमांकही 'जीसी' धरून सहा अक्षरांत बसायचे. रानात ईट्रेक्सच्या पडद्यावर तो क्रमांक वाचायचा आणि पाममध्ये तोच शोधायचा. एका यंत्राला जागा ठाऊक, पण तिथे काय आहे ते नाही. दुसऱ्याला सगळी हकिकत ठाऊक, पण आपण कुठे उभे आहोत ते नाही. दोघांमधली तार म्हणजे आपले डोळे.

दोन्ही यंत्रं एकातच असावीत असं कुणाला वाटलं नाही असं नाही. हँडस्प्रिंगच्या 'व्हायझर'ला पाठीमागून जीपीएस जोडता येई, आणि २००३ मध्ये गार्मिनने पामच्याच प्रणालीवर चालणारा, अंगात जीपीएस असलेला 'आयक्यू' काढला. पण अंगणातल्या दहा डॉलरशी त्यांची बरोबरी कशी व्हायची?

या पद्धतीने माणसाला एक सवय लागायची, आणि आज मागे वळून पाहताना मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. पाममध्ये जे शुक्रवारी भरलं, तेवढंच शनिवारी आपलं. रानात महाजाल नव्हतं. सकाळी कुणी डबा हलवला असेल, हरवला असेल, नोंद बदलली असेल, ते कळायला मार्ग नाही. म्हणून हातात होतं ते बारकाईने वाचावं लागे. फाइलमध्ये प्रत्येक डब्याच्या शेवटच्या पाच नोंदी येत. त्या पाच नोंदींवरून अंदाज बांधायचा. ओळीने दोन जुन्या जाणत्यांना डबा मिळाला नाही? मग बहुधा गेला. कुणी सहज लिहिलंय, 'मुलं चिखलाने माखली'? मग ओढ्याच्या काठाने वाट आहे. कुणी नुसतंच 'आभार' लिहून गेलंय? मग डबा सोपा असणार. चित्रं नव्हती, नकाशा नव्हता, फक्त लोकांनी लिहिलेली वाक्यं होती. जुनी बखर वाचणारा माणूस जसा सांगितलेल्यावरून न सांगितलेलं काढतो, तसं काहीसं. एवढ्या लक्षपूर्वक मी पाठ्यपुस्तकंसुद्धा वाचली नव्हती.

शिवाय माहितीला शेवट होता. पाचशे डबे म्हणजे पाचशे. कुठल्या दिशेला जायचं हे आदल्या रात्री ठरवावं लागे, आणि ठरवलं की त्या भागाचा एक आकार मनात तयार होई. कुठली टेकडी, कुठली नदी, कुठे जुनी आगगाडीची वाट. आज खिशातला फोन मला मी उभा असेन तिथून सर्वांत जवळचा डबा दाखवतो, मग पुढचा, मग त्यापुढचा. मी एकेका डब्याकडे बरोबर पोचतो. संध्याकाळी 'आज कुठे गेला होतास?' असं कुणी विचारलं, तर मात्र फोन काढून बघावं लागतं.

हा काळ फार टिकला नाही. २००८ मध्ये गार्मिनचे 'कोलोराडो' आणि 'ऑरेगन' आले. त्यांत जीपीएक्स फाइल जशीच्या तशी टाकली की वर्णन, नोंदी, सूचक ओळ सगळं जीपीएसमध्येच दिसू लागलं. त्याच वर्षी आयफोनमध्ये जीपीएस आला, आणि वर्षअखेरीस त्यावर या खेळाचं अधिकृत ॲप. पाळणा, तार, दोन यंत्रं, शुक्रवारची रात्र, सगळं एका झटक्यात अनावश्यक झालं. तेही रास्तच म्हणायचं. नवशिक्या माणसाला चार प्रोग्रॅम शिकवून मगच रानात सोडायचं, यात काही शहाणपण नव्हतं. मार्च २०१० मध्ये चालू डब्यांची संख्या दहा लाखांवर गेली. आज ती तीस लाखांहून जास्त आहे. पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने घेतली आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये त्या यंत्रांचं उत्पादन थांबवलं.

आणि कागदाचं काय झालं?

गंमत इथेच आहे. पेपरलेस झाला तो फक्त जाण्याचा रस्ता. रस्त्याच्या शेवटी डबा, आणि डब्यात वही. नियम पहिल्या दिवसापासून आजपर्यंत तोच आहे: डब्यातल्या वहीत तुमचं नाव नसेल, तर तुम्ही तो शोधलेला नाही. उपग्रहांनी तुम्हाला तिथे पोचवलं, पामने हकिकत सांगितली, फोनने दिशा दाखवली, हे सगळं ठीक. पुरावा मात्र पेन्सिलीने कागदावर. या नियमामागे कागदाचं प्रेम वगैरे नाही. पडद्यावर 'सापडला' असं कुठूनही लिहिता येतं. वहीत लिहायला तिथे जावंच लागतं.

ही रीत जीपीएसपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूर या ओसाड पठारावर क्रॅनमिअर पूल नावाची एक दलदलीची जागा आहे. तिथे जाणं त्या काळी मुश्किलीचं होतं. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. जो कोणी पोचेल त्याने आपल्या नावाचं कार्ड तिच्यात टाकायचं. त्या बाटलीतून पुढे 'लेटरबॉक्सिंग' हा खेळ वाढला, आणि तो डार्टमूरवर आजही चालतो. पेरटजवळ ना अक्षांश होते ना संकेतस्थळ. 'मी इथवर आलो होतो' हे पुढच्या येणाऱ्याला सांगायची माणसाची हौस तेवढी होती, आणि तिच्यासाठी कागदाचा तुकडा पुरला.

मला वाटतं, पाम आणि ती वही यांत एक मूलभूत फरक होता, आणि त्या दिवसांत तो कळायचं कारण नव्हतं. पाममधली माहिती माझी एकट्याची होती, नीटनेटकी, शोधता येण्याजोगी आणि विजेवर तगलेली. डब्यातली वही कुणाचीच नव्हती. तिच्यात अनोळखी माणसांची अक्षरं एकाखाली एक असत. एखाद्या पाचसहा वर्षांच्या मुलाने वाकडंतिकडं काढलेलं नाव, त्याखाली त्याच्या आजोबांची वळणदार सही, मग पावसाने पसरलेला एक डाग, मग कुणीतरी मध्यरात्री टॉर्च लावून केलेली नोंद. लष्कराचे जुने दारूगोळ्याचे डबे यासाठी फार लोकप्रिय, कारण त्यांची रबरी कड पाणी आत येऊ देत नाही. लष्करी उपग्रह, लष्करी डबा, आणि आत पोरांच्या सह्या!

टिकण्याच्या बाबतीतही वही पुढेच राहिली. उल्मरची ती पहिली बादली आता नाही, पण त्या जागी २००३ मध्ये बसवलेली स्मृतिपट्टिका आहे, आणि तो घेवड्याचा डबा निदान आठवणीपुरता तरी जिवंत आहे. मात्र माझ्या पाममधल्या नोंदी वाचायच्या तर पाळणा हवा, त्याची सिरियल तार लागणारा जुना संगणक हवा, त्यावर चालणारं जुनं सॉफ्टवेअर हवं. २०२२ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने जुन्या पामचे शेकडो प्रोग्रॅम महाजालावर चालतील अशी सोय केली. मीही हौसेने उघडून पाहिले. करडा पडदा, कोपऱ्यात चार चित्रं, खाली लिहायची चौकट, सगळं तसंच. रानात महाजाल नव्हतं म्हणून ज्याला खिशात घालून नेलं, त्याला भेटायला आता महाजालावर जावं लागतं.

मधल्या काळात अमेरिकन सरकारने २००७ मध्ये जाहीर केलं, की पुढच्या पिढीच्या उपग्रहांत ती मुद्दाम गडबड करायची सोयच ठेवली जाणार नाही. म्हणजे तीन वस्तूंपैकी उपग्रह आणखी अचूक होत गेले, पाम संपला, आणि वही होती तिथेच आहे.

असो. तुमच्याकडे फोन असेलच, त्यामुळे वेगळं काही लागत नाही. पुण्या-मुंबईतही असे डबे आहेत. जायचं ठरवलंत तर आदल्या रात्री एकदा त्या भागाचा नकाशा डोळ्यांखालून घाला आणि जुन्या नोंदी वाचा. आणि पेन्सिल घरून न्या. डब्यातली असते खरी, पण तिचं टोक नेहमी मोडलेलं असतं.